गाय की मृग?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने तंट्यांचा निवाडा कसा करावा हे सांगितले आहे, आणि त्यात गाडीच्या अपघातांसंबंधी आठ-नऊ श्लोक आहेत. त्या ग्रंथातील पुष्कळ वचने आज कोणी विचारी मनुष्य शिरोधार्य मानणार नाही, आम्हीही मानीत नाही. परंतु हे आठ-नऊ श्लोक मात्र वकिली करणाऱ्याने एकदा तरी वाचावेत असे आमचे मत आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, गाडी आडवी अथवा मागे गेली, लगाम तुटला, किंवा हाकणाऱ्याने ‘बाजूस व्हा’ म्हणून ओरडून सांगितले होते, तर दंड नाही, अशा सबबी तेथे मोजून दहा दिल्या आहेत. हाकणारा अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर मालकास दोनशे पण दंड. हाकणारा कुशल असेल तर दंड त्याचा त्याने भरावा. आणि हाकणारा अकुशल असता जे कोणी गाडीत बसले असतील त्या प्रत्येकास शंभर पण! प्रवाशालाही जबाबदार धरणारा हा नियम आजच्या मोटार वाहन कायद्यात नाही. असता तर आपल्याकडील कित्येक बसगाड्या रिकाम्या धावल्या असत्या.

पुढे गाडीखाली मेलेल्या प्राण्यांची प्रतवारी आहे. मनुष्य मेला तर चोराइतका अपराध. गाय, हत्ती, उंट, घोडा असे मोठे प्राणी मेले तर त्याच्या निम्मा. लहानसहान पशूंसाठी दोनशे पण. आणि शुभ अशा मृगांसाठी व पक्ष्यांसाठी पन्नास. गाढव, शेळी, मेंढी यांना पाच माषे, कुत्रे आणि डुक्कर यांना एक माष. टीकाकारांच्या हिशेबाने चोराचा दंड हजार पण, म्हणजे गाईचा पाचशे. गाय आणि मृग यांच्यात चारशे पन्नास पणांचे अंतर पडते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण गेल्या मार्गशीर्षापासून आमच्या घरात जो वाद चालला आहे तो नेमका या अंतराविषयीचा आहे.

दत्तजयंतीनंतरच्या रविवारी आम्ही मंडळी गरुडेश्वरी गेलो होतो. सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ साली जन्मलेले श्रीवासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबे स्वामी, सारा भारत पायी फिरून अखेर नर्मदाकाठी गरुडेश्वरी स्थिरावले आणि १९१४ साली तेथेच समाधिस्थ झाले. सुरतेत राहणाऱ्या आम्हा कोकणच्या माणसांना ते स्थान म्हणजे अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असलेले आपले माहेर वाटते. मातुःश्रींना तर वर्षातून एकदा तेथे गेल्यावाचून चैन पडत नाही. परतताना राजपीपळा मागे पडले, नेत्रंग मागे पडले, आणि वालिया सोडून अंकलेश्वरच्या दिशेने निघालो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. गाडी आमचे धाकटे बंधू चालवीत होते. वेग पन्नास-पंचावन्नच्या वर नव्हता; दोन्ही अंगांना ऊस आणि तूर उभी होती. डावीकडच्या उसातून एक जनावर आले आणि धावत रस्ता ओलांडून गेले. बंधूंनी ब्रेक दाबला, गाडी जवळजवळ थांबत आली, आणि त्याच क्षणी दुसरे जनावर त्याच वाटेने, त्याच वेगाने, आमच्या दिव्यांवर आले.

ती नीलगाय होती. गुजरातीत तिला ‘रोझ’ म्हणतात, खानदेश-विदर्भात ‘रोही’. नराचा रंग लोखंडासारखा निळसर करडा असतो आणि त्याला वीतभर शिंगे असतात; मादी पिंगट आणि बिनशिंगांची. आमच्यासमोर आली ती मादी होती. हा प्राणी कळपाने फिरतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला निघतो, आणि पहिल्यामागून दुसरा येणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. त्याचे पाय लांब आणि धड उंचावर. त्यामुळे मोटारीचा बंपर त्याच्या पायांना लागतो आणि धड वरच्या वर बॉनेटवर, तेथून काचेवर येते. मोटारींचे पुढचे अंग ज्या देशांत आखले जाते तेथे नीलगाय हे जनावर विचारात घेतलेले नसावे.

काच फुटली, परंतु अंगावर आली नाही. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पापुद्रा घालून समोरची काच करतात, म्हणून ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकून जागीच राहते. आम्हा चौघांपैकी कोणास इजा झाली नाही. जनावर रस्त्याच्या कडेला पडले होते आणि अजून श्वास घेत होते. मातुःश्री केव्हा खाली उतरल्या ते कळलेच नाही. त्यांच्या हातात नर्मदेच्या पाण्याची बाटली होती. आमच्या घरी मराठी बोलतात. पण मातुःश्री भ्याल्या किंवा फार कळवळल्या म्हणजे त्यांची माहेरची कोंकणी बाहेर येते. बंधूंना त्या एवढेच म्हणाल्या, “ताका मात्शें उदक दी रे.” जखमी जनावर पाय झाडते, जवळ जाणे धोक्याचे, हे सांगण्याची आम्हाला उसंतच मिळाली नाही. बंधूंनी बाजूने जाऊन तोंडापाशी पाणी सोडले. त्यातले किती आत गेले कोण जाणे. चार-पाच मिनिटांत सारे संपले.

विजेरी घेऊन शेतातून एक शेतकरी आला. त्याने प्रथम आमची विचारपूस केली, मग जनावराकडे पाहिले, मग गाडीकडे. त्याचे म्हणणे असे की तुमचा एक पत्रा गेला, आमची तूर रोज रात्री जाते. ओरडावे तर ती दोन हात सरकते आणि पुन्हा खाते. त्याच्या स्वरात ना राग होता ना समाधान. याच तक्रारीवरून डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांपुरती नीलगाय ‘उपद्रवी’ ठरवली होती, आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात नेमबाज आणून शेकडो नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत उघड वाद झाला होता. गुजरातेत या प्राण्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. नावात ‘गाय’ आहे म्हणून शेतकऱ्याचा हात उचलत नाही, आणि पीक जाते म्हणून तोंडातून आशीर्वादही निघत नाही. या शेतकऱ्याने मात्र आपल्या मुलाला धाडून उसाची चार पाचटे आणविली आणि जनावरावर पांघरली.

येथे कायद्याचा थोडा विस्तार करणे भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नीलगाईला संरक्षण दिले आहे. त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की वन्य प्राण्याला मारणे, इतकेच काय, जखमी करणेही तीत येते. म्हणून रस्त्यावर असा प्रसंग ओढवला म्हणजे लोक घाबरतात आणि गाडी सुरू होत असेल तर पळ काढतात. वास्तविक भिण्याचे कारण नाही. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात, मृत आढळलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता होय असे म्हटले आहे. म्हणजे चुकून मरण येऊ शकते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. सरकारची ही मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी, एवढेच बंधन. जनावर उचलून नेणे, त्याचे मांस वा कातडे घेणे हा अपराध; उभे राहून कळवणे हा नव्हे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी आली, प्राण्यास मारण्याचा अपराध ३२५ व्या कलमात आहे. परंतु तोही नुकसान करण्याच्या बुद्धीने केला असेल तरच. जुन्या दंडविधानात ४२९ वे कलम पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जनावराला लागू होत असे. मनूचे पन्नास पण आणि मेकॉलेच्या परंपरेतले पन्नास रुपये यांचा परस्परांशी काही संबंध नाही. योगायोग म्हणून नोंदवून ठेवतो.

आम्ही दूरध्वनी केला. पोलीस आले, दीड तासाने वनखात्याचे दोघे आले. पंचनामा झाला, त्यावर त्या शेतकऱ्याने व आम्ही सह्या केल्या, आणि त्याची एक प्रत आम्ही मागून घेतली. वाचकांपैकी कोणावर ही वेळ येऊ नये, पण आलीच तर ही प्रत मागायला विसरू नये. पुढचे सारे महाभारत त्या एका कागदावर उभे असते.

आता गाडीविषयी. तिचे इंजिन सुरू होत होते आणि बंधूंचा विचार ती तशीच हळूहळू सुरतेपर्यंत नेण्याचा होता. आम्ही खाली वाकून पाहिले तर हिरवट पाणी ठिबकत होते. मोटारीच्या तोंडाशी आधी वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो. दोन्ही पातळ पत्र्याच्या नळ्यांचे. ते फुटले की कूलंट गळते, आणि कूलंटावाचून चार-सहा मैल गेले तरी इंजिनाचे हेड वाकते, पिस्टन धरतो. असे झाल्यास विमा कंपनी म्हणते की जनावरामुळे रेडिएटर गेला हे खरे, पण इंजिन गेले ते तुम्ही गाडी चालवल्यामुळे. अपघाताच्या मागाहून ओढवलेली हानी आमच्या करारात नाही. आणि कराराच्या शब्दांनी पाहता तिचे म्हणणे बरोबर असते. म्हणून टोचन बोलावले. त्याचे साडेचार हजार झाले. खासगी मोटारीच्या ठरीव विमापत्रात या कामासाठी दीड हजारांचीच मर्यादा असते, तेवढेच पुढे मिळाले.

गाडी आणली ती नवागामात. सुरत शहराचा हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूला दिंडोली, नवागाम, लिंबायत अशा वस्त्या लागून आहेत, आणि तेथे कानावर गुजरातीइतकीच अहिराणी पडते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे यंत्रमागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत कामाला आली ती तेथेच राहिली. श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते तेव्हा आपण तापीच्या खालच्या अंगाला आहोत की वरच्या, हे क्षणभर समजत नाही. आमचा गॅरेजवाला याच वस्तीतला, अमळनेरकडचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला आणि सुरत बुडाली, तेव्हा पाण्यातून काढलेल्या शेकडो गाड्या उघडून वाळवता वाळवता हा धंदा शिकलो, असे तो सांगतो. त्याच्या बोटांना पत्र्याची नाडी कळते. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्याने एका बाजूस करंगळी घातली, दुसऱ्या बाजूस अंगठा, आणि म्हणाला, क्रॉसमेंबर उजवीकडे अर्धा बोट मागे गेला आहे. नंतर फीत लावून कर्ण मोजले तेव्हा ते तंतोतंत निघाले.

बॉनेटविषयी त्याचे आणि आमचे दुमत झाले. ठोकून, लांबी भरून, रंगवून तो अडीच हजारांत नवा दिसेल, नवा घेतला तर नऊ हजार सहाशे, असे त्याचे म्हणणे. पण बॉनेटच्या आतल्या अंगाला ज्या घड्या असतात त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. धक्का बसला की बॉनेट मधोमध दुमडावा, सरळ काच कापीत आत येऊ नये, यासाठी. एकदा दुमडलेला पत्रा ठोकून सरळ केला तर पुढच्या खेपेस तो कोठे दुमडेल याचा भरवसा राहत नाही. हे त्यालाही ठाऊक होते. गिऱ्हाइकाचा पैसा वाचवण्याची त्याची जुनी सवय बोलत होती. अखेर नवा घ्यायचे ठरले.

जाळी काढताना तिच्यात अडकलेले पिंगट केस निघाले, मूठभर. त्याने ते कागदात गुंडाळून बाजूला ठेवले आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, “वकीलसाहेब, एक सांगू? क्लेमच्या कागदावर झाड लिहा. नाहीतर दुभाजक लिहा. जनावर लिहू नका. जनावर लिहिलं की वनखातं, पंचनामा, चौकशी. पैसे सहा महिने लटकतात. झाडाला कुणी काही विचारत नाही.” त्याचा हेतू वाईट नव्हता. हा सल्ला आम्हाला त्या आठवड्यात आणखी तिघांनी दिला, त्यांत एक आमचे व्यवसायबंधू होते.

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार आहे, असे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. इतर करारांत प्रत्येकाने आपापले हित पाहावे. विम्यात मात्र दोन्ही पक्षांनी ठाऊक असलेले सारे सांगितले पाहिजे. खोटे कारण लिहिले आणि ते उघडकीस आले तर कंपनी सगळाच दावा फेटाळू शकते, मग हानी कितीही खरी असो. आणि येथे तर खोटे बोलण्याची गरजही नव्हती, कारण बाह्य आणि आकस्मिक कारणाने झालेली हानी भरून देण्याचे वचन विमापत्रात आहे. जनावर बाह्य होते, आणि आकस्मिक तर त्याच्याइतके दुसरे काही नसेल. केवळ तिसऱ्या पक्षापुरता सक्तीचा विमा असेल तर मात्र एक पैसाही मिळत नाही. आपल्याकडे कित्येक जण स्वस्त म्हणून तेवढाच घेतात आणि वेळ आली की कपाळाला हात लावतात.

हे सारे कायद्याचे झाले. पण खरे सांगायचे तर लेखणी अडली ती कायद्यापाशी नव्हे. जे जनावर आमच्या गाडीखाली मेले, ज्याच्या तोंडात आमच्या आईने नर्मदा घातली, ते कागदावर झाड म्हणून लिहायचे, हे आमच्याने होईना. बंधूंनी स्वच्छ अक्षरात लिहिले: “सायंकाळी रस्ता ओलांडणारी नीलगाय.” खाली पंचनाम्याची प्रत जोडली.

अमेरिकेत मिशिगन राज्यात आमची एक भाची असते. तिला हे कळवले तेव्हा तिला हसू आले. त्या एका राज्यात वर्षाकाठी पन्नास हजारांच्या वर मोटारी हरणांना धडकतात. साऱ्या देशात दहा लाखांच्या वर, असा तेथील विमेदारांचा अंदाज आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हरणांच्या माजाच्या दिवसांत, कहर असतो. तेथे दोन प्रकारचे विमे वेगळे असतात: धडकेचा एक, आणि धडकेखेरीज इतर आपत्तींचा दुसरा. हरणाला धडकलात तर ती आपत्ती. पण हरीण चुकवायला गाडी वळवली आणि झाडाला धडकलात तर ती धडक, तुमच्या माथी. म्हणून तेथे शिकवतात की वळवू नका, सरळ रेषेत ब्रेक दाबा. आपल्या गॅरेजवाल्याचा सल्ला मिशिगनमध्ये दिला तर गिऱ्हाईक बुडेल! कायदे निराळे, पण सरळ रेषेत ब्रेक दाबण्याचा उपदेश आपल्या रस्त्यांवरही खरा आहे. नीलगाय चुकवायला जाऊन समोरच्या मालमोटारीखाली गेलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत.

कंपनीचा सर्व्हेअर आला. गॅरेजवाल्याने कागदाची पुडी उघडून ते केस त्याला दाखवले. छायाचित्रे काढून झाल्यावर तो म्हणाला, “इतका सरळ क्लेम बऱ्याच दिवसांत पाहिला नाही.” दहाव्या दिवशी मंजुरी आली. सहा महिने लटकण्याचे भाकीत खोटे ठरले, हे आम्ही गॅरेजवाल्यास मुद्दाम जाऊन सांगितले.

हिशेब पुष्कळांस उपयोगी पडेल म्हणून देतो. गाडी साडेतीन वर्षांची. बॉनेट, क्रॉसमेंबर, रेडिएटर, कंडेन्सर हे धातूचे भाग मिळून २८,००० रुपये. तीन ते चार वर्षांच्या गाडीत धातूवर शेकडा २५ घसारा, म्हणजे ७,००० वजा. बंपर, जाळी, उजवा दिवा हे प्लॅस्टिकचे १६,०००. त्यावर गाडी कितीही नवी असो, निम्मा घसारा, ८,००० वजा. काच ९,०००, तिच्यावर घसारा नाही. रंगकाम १२,०००, त्यातला चौथा हिस्सा रंगद्रव्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, १,५०० वजा. मजुरी ७,००० पुरी मिळाली. शेवटी दीड हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला सक्तीची वजावट १,०००. एकूण ७२,००० पैकी १७,५०० आमचे, ५४,५०० कंपनीचे. टोचनाचे राहिलेले ३,००० आणि कूलंट, क्लिपा, नटबोल्ट यांचे १,३०० हेही आमचेच. घसारामुक्त विमा थोडा अधिक हप्ता भरला असता मिळतो, पण आमचा तो नव्हता. आणखी एक तोटा बिलात दिसत नाही: तीन वर्षे दावा न केल्याबद्दल हप्त्यात शेकडा ३५ सूट मिळत होती, पुढे ४५ झाली असती, दावा केला की ती शून्यावर येते. म्हणून चार-पाच हजारांच्या पोचट्यासाठी दावा करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. दिव्याला उशीर झाल्याने गाडी एकोणीस दिवस गॅरेजात राहिली.

त्या एकोणीस दिवसांत घरातला वाद रंगला. मातुःश्रींनी विचारले, प्रायश्चित्त काय? महामहोपाध्याय काणे हे मुंबईचे वकील. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या पाच खंडांच्या इंग्रजी ग्रंथाचा १९५३ सालचा चौथा खंड इतर विषयांबरोबर पातक आणि प्रायश्चित्त यांचेही विवेचन करतो. तो आम्ही काढून बसलो. जाणूनबुजून केलेले आणि नकळत घडलेले यांत शास्त्रकारांनी भेद केला आहे, आणि नकळत घडलेल्यास सौम्य वागणूक दिली आहे, हे आम्ही मातुःश्रींना सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. पंडू राजानेही हरीणच समजून बाण सोडला होता, असे त्या म्हणाल्या. मग त्याला शाप का बसला? आम्ही म्हटले, पंडूने बाण मारण्यासाठीच सोडला होता, आपण ब्रेक दाबला होता. हे उत्तर त्यांना पटले, निदान त्या थांबल्या.

मग आम्ही, वादाला थोडी गंमत यावी म्हणून, मनूचे ते गाडीचे श्लोक काढले. शुभ मृगाला पन्नास पण. मातुःश्री ताडकन म्हणाल्या, “मृग कसला? गायच ती!” आता आली पंचाईत. आम्ही सांगू लागलो की नीलगाय ही गाय नव्हे, जंगली जनावर आहे. बंधू म्हणाले, हरीणही नव्हे. हरणाची शिंगे दरसाल गळतात आणि पुन्हा येतात, नीलगाईची गळत नाहीत. मग आमच्या कन्येने, जी प्राणिशास्त्र शिकते, निकाल दिला तो आम्हा सर्वांस अनपेक्षित होता. नीलगाय आणि चौसिंगा हे दोन प्राणी शास्त्रज्ञ एकाच गटात घालतात, आणि तो गट ज्या उपकुळात आहे त्यातच गाई, म्हशी आणि गवे आहेत. म्हणजे दिसायला हरणासारखी, वागायला मृगासारखी, पण कुळ पाहिले तर गाईचे! मातुःश्रींनी कन्येकडे अशा काही नजरेने पाहिले की तिच्या शिक्षणावर झालेला सारा खर्च त्या क्षणी वसूल झाला.

म्हणजे पाचशे पण. आणि ते कोणी द्यायचे? चालवणारा कुशल असेल तर एकट्याने; अकुशल असेल तर बसलेल्या सर्वांनी. बंधू इतका वेळ हसत होते ते एकदम गप्प झाले. त्या संध्याकाळपासून ते नीट झोपत नव्हते हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. स्टिअरिंग हाती असलेल्या माणसाच्या कानात तो आवाज राहतो, शेजारी बसलेल्याच्या कानात तितका राहत नाही. मातुःश्रींनी पुस्तक मिटवले. म्हणाल्या, मनूला काय कळते? दंड नाही आणि प्रायश्चित्त नाही. आपण पाचशे रुपये पांजरपोळात देऊ, आणि ते माझ्या पेन्शनीतून. देवदर्शनाला चला म्हणून आग्रह मी केला होता, गाडी त्याने चालवली ती माझ्यासाठी. सुरतेचा पांजरपोळ जुना आहे. बंधू स्वतः जाऊन पैसे भरून आले आणि पावती त्यांनी देवघरात ठेवली. त्या रात्री ते झोपले.

गॅरेजात एकोणीस दिवस गाडी पाहायला जाता-येता पुष्कळ बोलणे होई. मुंबई-गांधीनगर वंदे भारत गाडी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच ६ ऑक्टोबर २०२२ रोजी अहमदाबादच्या वटवा-मणिनगर भागात तिने म्हशींना धडक दिली आणि तिचे नाक फुटले. दुसऱ्या दिवशी ते बदलून गाडी पुन्हा धावली, तर आणंदजवळ गाय आडवी आली. आणि महिना संपण्यापूर्वी आमच्या शेजारच्या वलसाड जिल्ह्यात अतुलजवळ पुन्हा गुरे. तेव्हा म्हशींच्या अज्ञात मालकांवर गुन्हा नोंदवला होता. गॅरेजवाल्याचा यावर प्रश्न असा की रेल्वेचे नाक एका रात्रीत बसते, मग तुमच्या गाडीचा दिवा एकोणीस दिवस का लागतो? याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: म्हशीला मालक आहे म्हणून गुन्हा त्याच्यावर, मग नीलगाईचा मालक कोण? आम्ही त्याला ३९ वे कलम सांगितले. तो विचार करून म्हणाला, “म्हणजे जिवंत असताना कुणाची नाही, आणि मेली की सरकारची.” कलमाचा इतका नेमका सारांश आम्ही न्यायालयातही ऐकलेला नाही.

नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या अरण्यातून जातो. तो रुंद करण्याचे ठरले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे बराच झगडा झाला, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून खालून जनावरांना वाट ठेवण्यात आली. २०१९ साली तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. चितळ सर्वांत जास्त, आणि वाघसुद्धा. खर्च झाला, पण प्राणी पूल वापरायला शिकतात हे सिद्ध झाले. वालियाच्या उसातल्या नीलगाईसाठी असा पूल कोणी बांधणार नाही, कारण ते अरण्य नव्हे, शेत आहे, आणि वाट रोज बदलते: ऊस उभा असेल तेथून ती येते, तोडला की दुसरीकडून. ऊसतोडीच्या दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून पुढे, लपायची जागा कमी होत जाते तसतसे कळप रस्त्यावर अधिक येतात, असे त्या शेतकऱ्याने आम्हाला सांगितले होते. तेथे उपाय एकच, तो म्हणजे सूर्य असताना घरी पोहोचणे. मातुःश्रींनी पुढच्या खेपेची आरती सकाळची ठरवून टाकली आहे.

आषाढात विमापत्राचे नूतनीकरण आले. सूट गेली होती, हप्ता वाढला होता. कंपनीच्या कचेरीत एक नवा तरुण कारकून बसला होता. गतवर्षीचा दावा पाहून तो म्हणाला, “गाय? मग मालकाकडून नुकसानभरपाई का नाही मागितली? मालकाचे नाव लिहा.” बंधूंनी आमच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर लिहिले: “राज्य सरकार. परंतु मेल्यानंतर.”